क्लिक नाही, मग उत्तर मिळालं का? मोबाइल सर्चवरचा एक आय-ट्रॅकिंग प्रकरण अभ्यास

मोबाइलवर कोणीतरी "महाबळेश्वर उंची" असं टाइप करतं, रिझल्टच्या पानावर सगळ्यात वर चौकटीत आकडा दिसतो, तो वाचून माणूस फोन बाजूला ठेवतो. कुठल्याच लिंकवर टॅप नाही. आता दुसरा माणूस घ्या, त्याने वेगळंच काही शोधलं, वरच्या चौकटीत भलतंच उत्तर आलं, खाली दोन-चार रिझल्ट चाळले, काही हाती लागलं नाही म्हणून त्यानेही फोन बाजूला ठेवला. सर्व्हरच्या लॉगमध्ये दोघांची नोंद जवळपास सारखीच पडते: सर्च केलं, क्लिक शून्य, निघून गेला. एकाचं काम झालंय, दुसरा वैतागलाय, आणि आकडेवारीत दोघं एकाच खात्यात.

मोबाइलच्या युजेबिलिटीत (वापरणाऱ्याला ते किती सोपं जातं हे तपासण्यात) आय-ट्रॅकिंग, म्हणजे नजर कुठे पडते ते यंत्राने मोजणं, नेमकं कशाला वापरायचं, हे समजून घ्यायला मला हेच प्रकरण सगळ्यात चांगलं वाटतं, म्हणून ते जरा सविस्तर लिहितोय.

वेब सर्चचं मोजमाप वर्षानुवर्षं क्लिकवरच उभं होतं. क्लिक आला म्हणजे रिझल्ट बरा, नाही आला म्हणजे काहीतरी गडबड. पण २००९ मध्येच गूगलच्या संशोधकांनी मोबाइल आणि पीसीवरच्या सर्चची तुलना करून दाखवलं होतं की क्लिक न करता जाणारे सगळेच नाराज नसतात, बऱ्याच जणांचं काम त्या पानावरच उरकलेलं असतं, आणि मोबाइलवर असं होण्याची शक्यता जास्त. याला सर्चवर काम करणाऱ्यांत गुड अबँडनमेंट म्हणतात. पुढे मे २०१२ मध्ये गूगलने नॉलेज ग्राफ आणला, म्हणजे उत्तराच्या त्या चौकटीमागचा माहितीचा साठा, आणि क्लिकची गरजच कमी व्हायला लागली. चौकट जितकी चांगली तितके क्लिक कमी. मग चांगलं काम केल्याचा पुरावा आणायचा कुठून?

डेस्कटॉपवर यावर एक तोडगा होता, माउस. माणूस वाचताना पॉइंटर बऱ्याचदा नजरेच्या आसपास फिरवत असतो, आणि २०११ मध्ये जेफ ह्युआंग आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधले रायन व्हाइट आणि सुझन ड्युमे यांनी दाखवलं की पॉइंटरच्या हालचालीवरून क्लिक नसतानाही लोक कुठे रेंगाळले याचा अंदाज येतो. मोबाइलवर पॉइंटरच नाही! बोट स्क्रीनला लागतं, पान वर सरकवतं आणि उचललं जातं, मधल्या वेळात डोळे काय करतात याची नोंद कुठेच होत नाही. उरतं फक्त एक, स्क्रीनवर त्या क्षणी पानाचा कुठला तुकडा दिसत होता ते. त्याला व्ह्यूपोर्ट म्हणतात. ही माहिती ब्राउझरकडे फुकट असते. प्रश्न एवढाच होता की स्क्रीनवर दिसतंय म्हणजे माणूस ते बघतोय, असं धरून चालायचं का?

हा प्रश्न एमरी युनिव्हर्सिटीचा संशोधक दिमित्री लागून आणि गूगलमधले चिह-हुंग ह्शिए, डेल वेब्स्टर आणि विद्या नवलपक्कम यांनी हातात घेतला, आणि निष्कर्ष जुलै २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला झालेल्या सिगआयआर या सर्चवरच्या संशोधनाच्या परिषदेत मांडले. आय-ट्रॅकर त्यांनी लॅबमध्ये वापरला तो हीटमॅप (नजर कुठे जास्त पडली ते रंगांच्या डागांनी दाखवणारं चित्र) काढून भिंतीवर लावायला नाही, तर एका स्वस्त मोजमापाची परीक्षा घ्यायला. एकदा खरी नजर मोजायची, सोबत व्ह्यूपोर्ट मोजायचा, दोन्ही जुळतात का बघायचं, आणि जुळले तर पुढे लाखो लोकांसाठी फक्त व्ह्यूपोर्टवर काम चालवायचं. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात पटते, आणि आपल्याकडच्या टीम्स नेमकी हीच पायरी गाळतात असं दिसतं. ट्रॅकर भाड्याने आणायचा, लाल-पिवळे डाग काढायचे, प्रेझेंटेशनमध्ये लावायचे, झालं काम. त्या डागांवरून पुढच्या महिन्यात काय मोजायचं हे कुणालाच ठरवता येत नाही.

सेटअप आणि मिलिमीटर

यंत्र काय करतं ते थोडक्यात सांगतो. ट्रॅकर डोळ्यावर इन्फ्रारेड प्रकाश टाकतो, तो आपल्याला दिसत नाही. कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, त्याचा एक चकाकता ठिपका उमटतो, आणि कॅमेरा तो ठिपका आणि डोळ्याची बाहुली यांच्यातलं अंतर आणि दिशा बघत राहतो. नजर फिरली की बाहुली सरकते, ठिपका जवळपास जागेवरच राहतो, त्या फरकावरून नजरेची दिशा निघते. सुरुवातीला माणसाला स्क्रीनवरच्या ठरलेल्या ठिपक्यांकडे बघायला लावतात, ते कॅलिब्रेशन. ६० हर्ट्झचा ट्रॅकर असेल तर सेकंदाला ६० नोंदी येतात, म्हणजे साधारण दर १७ मिलिसेकंदांनी एक. वाचताना डोळे सलग सरकत नाहीत, एका जागी साधारण पाव सेकंद थांबतात, मग उडी मारतात, मग परत थांबतात. थांब्याला फिक्सेशन, उडीला सकाड. मोजायचा असतो थांबा, उडीच्या वेळात डोळ्याला नीट काही दिसतच नाही.

हे सगळं मॉनिटरसाठी ठीक, मोबाइलसाठी त्रासाचं. ट्रॅकर सहसा स्क्रीनच्या खाली बसवतात, फोनच्या बाबतीत नेमका तिथेच हात येतो, अंगठा वर गेला की कॅमेऱ्याला डोळा दिसत नाही. म्हणून फोन स्टँडवर पकडून ठेवायचा, ट्रॅकर असा बसवायचा की हात आडवा येणार नाही, वरून एक कॅमेरा बोटं आणि स्क्रीन टिपत राहणार. यात एक किंमत मोजावी लागते. माणूस फोन हातात धरतो, आडवा पडून बघतो, बसमध्ये एका हाताने धरून बघतो, ते सगळं गेलं. दुसरा पर्याय म्हणजे ट्रॅकरचा चष्मा, त्यात फोन हातात राहतो, पण कॅमेऱ्याच्या चित्रात फोन सतत हलतो, आणि नजरेचा ठिपका त्या पानावर नेमका कुठे पडला हे फ्रेम बाय फ्रेम जुळवत बसावं लागतं. दोन्हीत काहीतरी सोडावं लागतं, आणि रिझल्टच्या पातळीवर उत्तर हवं असेल तर मी स्टँडच घेईन.

आता मिलिमीटरचा हिशोब. हा केल्याशिवाय मोबाइलचा एकही हीटमॅप वाचू नये असं माझं ठाम मत आहे. चांगला ट्रॅकर साधारण अर्ध्या अंशाची अचूकता सांगतो, पण ती नीट कॅलिब्रेशन झालेल्या, सरळ बसलेल्या माणसासाठी, प्रत्यक्षात एक अंश धरून चाला. फोन डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर असेल तर एक अंश म्हणजे स्क्रीनवर साधारण ५ मिलिमीटर. अँड्रॉइडच्या गाइडलाइनमधलं कमीत कमी बटण ४८ डीपीचं (डीपी हे अँड्रॉइडचं माप, १६० डीपी म्हणजे साधारण एक इंच), म्हणजे साधारण साडेसात मिलिमीटर. आणि मजकुराच्या दोन ओळींतलं अंतर? २४ डीपीची ओळ धरली तर चार मिलिमीटरच्याही आत. म्हणजे ट्रॅकर जेव्हा सांगतो की माणूस तिसऱ्या ओळीवर होता, तेव्हा तो दुसऱ्या किंवा चौथ्या ओळीवरही असू शकतो. शब्दाची तर बातच सोडा. पण एक अख्खा सर्च रिझल्ट, शीर्षक आणि खालच्या दोन-तीन ओळी धरून, दीड-दोन सेंटिमीटर उंच असतो, आणि त्या पातळीवर पाच मिलिमीटरची चूक पचते. या अभ्यासात तुलना प्रत्येक रिझल्टमागे केली, त्याचं महत्त्व इथे कळतं. यंत्राला जेवढं दिसतं तेवढंच त्याला विचारलं.

अजून एक गोष्ट आहे जी डेस्कटॉपवाल्यांच्या लक्षात लवकर येत नाही, ती म्हणजे स्क्रोल. ट्रॅकरला माहीत असते स्क्रीनवरची जागा, आपल्याला हवी असते पानावरची जागा. स्क्रीनच्या मधोमध पडलेला ठिपका पहिल्या सेकंदाला दुसऱ्या रिझल्टवर असतो आणि तीन सेकंदांनी सहाव्यावर, कारण मधल्या वेळात पान सरकलंय. म्हणून ब्राउझरकडून प्रत्येक क्षणाला पान किती सरकलं याची नोंद घ्यावी लागते, आणि फोनचं घड्याळ आणि ट्रॅकरच्या कॉम्प्युटरचं घड्याळ जुळवून घ्यावं लागतं. फ्लिक करून सोडलेलं पान जोरात धावत असतं तेव्हा घड्याळात थोडा जरी फरक राहिला तरी नजर भलत्याच रिझल्टच्या खात्यात जमा होते.

काय हाती लागलं

पहिलं म्हणजे, प्रत्येक रिझल्टवर नजर किती वेळ होती आणि तो रिझल्ट व्ह्यूपोर्टमध्ये किती वेळ होता, यांचं नातं घट्ट निघालं. हा हिशोब नुसता "दिसत होता की नव्हता" असा करून भागत नाही, रिझल्टचा किती भाग दिसत होता आणि त्याने स्क्रीनची किती जागा व्यापली होती याचं वजन लावावं लागतं, नाहीतर खालच्या कडेला डोकावणारी एक ओळसुद्धा पूर्ण रिझल्टएवढा वेळ खाऊन बसते. डेस्कटॉपवर हे नातं इतकं उपयोगाचं नसतं, कारण तिथे एकाच वेळी आठ-दहा रिझल्ट समोर असतात आणि व्ह्यूपोर्टवरून काहीच निवडता येत नाही. मोबाइलवर दोन-चारच मावतात. स्क्रीन लहान असल्याची सगळे तक्रार करतात, पण मोजणाऱ्याच्या दृष्टीने तोच तिचा फायदा आहे.

दुसरं, लोकांचं लक्ष सरासरीने स्क्रीनच्या वरच्या अर्ध्या भागात एकवटलेलं होतं. हे वाचून लगेच "महत्त्वाचं सगळं वर ठेवा" असं लिहिणारे खूप भेटतात. जरा थांबा. डेस्कटॉपवरच्या जुन्या अभ्यासांतून आलेला तो इंग्रजी एफ अक्षरासारखा पॅटर्न, जो २००६ मध्ये जेकब नीलसनने प्रसिद्ध केला, तो पानाबद्दल होता, पानाच्या वरच्या-डाव्या कोपऱ्यात नजर जास्त. इथे निष्कर्ष स्क्रीनबद्दल आहे. मला याचा अर्थ असा लागतो की माणूस वाचायचा मजकूर बोटाने ओढून डोळ्यांना सोयीच्या पट्ट्यात आणतो आणि तिथे वाचतो, तेव्हा पानावरची कुठलीही गोष्ट कधी ना कधी वरच्या अर्ध्यात येतेच. यावरून डिझाइनरने घ्यायचं ते वेगळं: खालच्या अर्ध्यात अचानक उगवणारी सूचना, टोस्ट (क्षणभर दिसून जाणारी छोटी पट्टी), "सेव्ह झालं" असा मेसेज, हे नजरेपासून लांब पडतात. आणि मोजणाऱ्याने घ्यायचं ते असं की व्ह्यूपोर्टमध्ये एकाच वेळी तीन रिझल्ट असतील तर वरच्या अर्ध्यातल्याला जास्त वजन द्या.

तिसरा निष्कर्ष मला सगळ्यात मोलाचा वाटतो. काही टास्कमध्ये वरच्या चौकटीतलं उत्तर बरोबर कामाचं होतं, काहींत ते प्रश्नाशी जुळत नव्हतं, आणि लोकांना समाधान विचारलं होतं. उत्तर जुळत नसेल तेव्हा लोक चौकट ओलांडून जास्त स्क्रोल करत होते आणि चौकटीच्या खाली जास्त वेळ घालवत होते. म्हणजे नाराजीची खूण क्लिकमध्ये नव्हती, ती चौकटीखालच्या वेळात होती, आणि ती नुसत्या व्ह्यूपोर्टवरून वाचता येते. वर सांगितलेले ते दोघं आठवतात ना, लॉगमध्ये एकसारखे दिसणारे? त्यांना वेगळं करायची रीत सापडली, तीही युजरला एक शब्द न विचारता आणि त्याच्यावर कॅमेरा न लावता.

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण अॅप बनवणाऱ्या बहुतेक टीम्समध्ये आजही उलटं चालतं. "अॅव्हरेज टाइम ऑन पेज वाढला" म्हणून पेढे वाटले जातात. सर्चच्या पानावर, बिल भरायच्या पानावर, बसचं वेळापत्रक दाखवणाऱ्या पानावर वेळ वाढणं ही बहुतेकदा वाईट बातमी असते. माणूस शोधतोय आणि सापडत नाही. गावाकडच्या स्टँडवर उभं राहून एसटीची वेळ बघणारा प्रवासी तुमच्या पानावर दोन मिनिटं आहे तो तुमचं डिझाइन आवडलं म्हणून नाही. त्याचा तो वेळ "एंगेजमेंट" म्हणून मोजणं हा त्याच्यावर अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. उत्तर जिथे होतं तिथे किती वेळ गेला आणि त्याच्या खाली किती गेला, हे वेगळं काढलं तरी चित्र बरंच स्वच्छ होतं.

मर्यादा आहेतच. टास्क दिलेले होते, लॅब होती, आणि टास्क बदलला की नजर बदलते ही गोष्ट तर जुनी आहे, रशियन संशोधक आल्फ्रेड यार्बुसने एकच चित्र वेगवेगळे प्रश्न विचारून दाखवलं आणि प्रत्येक प्रश्नाला नजरेचा मार्ग वेगळा आला, त्याचं इंग्रजी पुस्तक १९६७ चं. म्हणून सर्चवरचा निष्कर्ष उचलून रील्स बघणाऱ्याला लावता येणार नाही. शिवाय नजर पडली नाही म्हणजे दिसलं नाही, असंही नसतं. डोळ्याला अगदी स्पष्ट दिसणारा भाग दोनेक अंशांचाच, ३० सेंटिमीटरवर साधारण एक सेंटिमीटर, पण त्याच्या भोवती पाच अंशांपर्यंत अंधूक का होईना ओळखू येतं, म्हणजे दोन्ही बाजूंना अडीच सेंटिमीटर. फोनची अख्खी रुंदीच सात सेंटिमीटरच्या आसपास, तेव्हा मधे बघणाऱ्याला कडेचा लाल बॅज न बघताही जाणवतो. आणि उलट, नजर पडली म्हणजे कळलं असंही नाही, एखाद्या ओळीवर दोन सेकंद थांबलेला माणूस त्यात रमलाय की अडलाय हे ट्रॅकर सांगू शकत नाही. त्यासाठी रेकॉर्डिंग परत दाखवून "इथे काय चाललं होतं?" असं त्यालाच विचारावं लागतं.

पुढे कॅमेराच ट्रॅकर झाला

२०१४ मध्ये खरी नजर मोजायला वेगळं यंत्र लागायचं. २०१६ मध्ये एमआयटी आणि जॉर्जिया युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी गेझकॅप्चर नावाचा डेटा जमवला, १,४५० हून जास्त लोक, जवळजवळ २५ लाख फ्रेम्स, सगळं लोकांच्या स्वतःच्या आयफोन-आयपॅडच्या पुढच्या कॅमेऱ्यातून. त्यावर शिकवलेलं मॉडेल कॅलिब्रेशनशिवाय फोनवर सरासरी १.७१ सेंटिमीटर चुकायचं. वरचा हिशोब लावा, म्हणजे एक अख्खा रिझल्ट इकडे-तिकडे. मग २०२० मध्ये गूगलच्या टीमने, त्यात परत विद्या नवलपक्कम होत्या, नेचर कम्युनिकेशन्समध्ये दाखवलं की पिक्सेल २ एक्सएल फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यावर त्यांचं मूळ मॉडेल १.९२ सेंटिमीटर चुकतं, पण प्रत्येक माणसाचं अर्ध्या मिनिटाच्या आतलं कॅलिब्रेशन घेऊन ते त्याच्यापुरतं जुळवलं की चूक ०.४६ सेंटिमीटरवर येते, आणि ही अचूकता टोबी या ट्रॅकर बनवणाऱ्या कंपनीच्या महागड्या चष्म्याच्या तोडीची आहे. १.९२ चे ०.४६ होणं म्हणजे "पानाच्या कुठल्या भागात" वरून "कुठल्या रिझल्टवर" इथपर्यंत येणं. ओळ मात्र अजूनही नाही.

यामुळे माणसाला लॅबमध्ये बोलवायची गरज कमी होते, पण चेहऱ्याचा व्हिडिओ आला की जबाबदारीही आली. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याच्या नजरेतून हा सरळ सरळ वैयक्तिक डेटा आहे, संमती स्पष्ट घ्या, आणि शक्य असेल तिथे व्हिडिओ फोनवरच प्रोसेस करून फक्त जागेचे आकडे बाहेर काढा. अॅपलने २०२४ मध्ये आयओएस १८ सोबत डोळ्यांनी फोन चालवायची सोय दिली ती याच वाटेने, सगळं फोनवरच राहतं. ती सोय ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्यासाठी आहे, तुमच्या अॅपचं मोजमाप करायला नाही.

आता मराठी अॅप किंवा साइट चालवणाऱ्या छोट्या टीमने यातून काय घ्यावं? माझ्या मते सुरुवात व्ह्यूपोर्टपासून करा, ट्रॅकर नंतर. वेबवर इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर ही ब्राउझरमधली सोय वापरून कुठला ब्लॉक किती टक्के आणि किती वेळ दिसला हे नोंदवता येतं, अँड्रॉइडवर लिस्टमधले दिसणारे आयटम कळतात. स्क्रीन बंद झाली किंवा दुसरं अॅप पुढे आलं की घड्याळ थांबवायला विसरू नका, नाहीतर फोन टेबलावर ठेवून जेवायला गेलेला माणूस तुमचा सगळ्यात एकाग्र वाचक ठरतो.

आणि मग थोड्या लोकांवर खरा ट्रॅकर लावून तपासा, कारण २०१४ चं ते नातं देवनागरीत जसंच्या तसं टिकेल असं गृहीत धरण्यात अर्थ नाही. आपल्या ओळीला वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, सगळ्यांना जागा लागते, ओळ उंच होते, एका स्क्रीनवर मजकूर कमी मावतो आणि एक ब्लॉक जास्त जागा व्यापतो. मोजायच्या चौकटी आखताना शिरोरेषेच्या वरचा आणि उकारांच्या खालचा भाग धरूनच आखा. दोन प्रकारचे टास्क ठेवा, एकात वर बरोबर उत्तर, दुसऱ्यात मुद्दाम न जुळणारं, प्रत्येक टास्कनंतर समाधान विचारा, आणि उत्तराखालच्या वेळाशी ते जुळतं का बघा. चाचणी खिडकीपासून लांब घ्या, आपल्याकडच्या उन्हात भरपूर इन्फ्रारेड असतं आणि ट्रॅकर आंधळा होतो. गडद काजळ किंवा मस्कारा असेल तर कॅमेरा त्यालाच बाहुली समजू शकतो, हे बोलावतानाच सांगून ठेवा. बायफोकल चष्मेवाल्यांचं कॅलिब्रेशन दोनदा-तीनदा करावं लागेल, वेळ जाईल, तरी त्यांना गाळू नका, बिल भरायचं आणि एसटीची वेळ बघायचं पान पन्नाशी ओलांडलेले लोकही वापरतात आणि अडायची शक्यता त्यांचीच जास्त असते.